हद्दवाढ : गुरुवारच्या ग्रामसभेत हात वर करू का खाली ठेवू?

पाणंदवाला (मंगळवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी.

आमचं गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या हद्दीला अगदी चिकटून. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सरपंचांचा पुतण्या इथं वाचत असतो. (काय रे, जेवलास का?) गुरुवारी विशेष ग्रामसभा आहे. विषय एकच, हद्दवाढीला, म्हणजे आसपासची गावं कोल्हापूर महापालिकेत घ्यायला, विरोधाचा ठराव. तो होणार हे चावडीपुढच्या कुत्र्यालाही माहीत आहे. अडचण माझी आहे.

मी अकरा वर्षं पुण्यात काढून दोन वर्षांपूर्वी परत आलो. गावठाणात आजोबांचं घर, ओढ्याकडेला पस्तीस गुंठे ऊस. त्या उसाच्या तीन बाजूंना आता अपार्टमेंट झालेत. चौथ्या बाजूला पाणंद, म्हणजे शेताकडं जायची वाट, आणि तिच्यातून त्या तिन्ही बाजूंचं सांडपाणी वाहतं. पावसाळ्यात वाटेकरी ऊस बघायला जात नाही, मला फोटो पाठवतो. घरातून निघालं की दोनशे पावलांवर महापालिकेचा दिवा लागतो. त्याच्या अलीकडं आमचा अंधार.

वडील म्हणतात, "शहरात गेलो तर आपलं कोण ऐकणार?" बायको म्हणते, "आत्ता कोण ऐकतंय?" दोघांचंही खरं वाटतं आणि तिथंच गाडी अडलीय. ज्यांची गावं हद्दवाढीच्या यादीत आहेत किंवा जे आधीच शहरात गेलेत त्यांनी सांगा. पक्ष आणि नेते बाजूला ठेवून बोलायचं, एवढीच विनंती.

---

बावड्याचा_म्हातारा (मंगळवार, रात्री १०:०५)

पक्ष बाजूला ठेवून कोल्हापुरात बोलायचं? बरं, प्रयत्न करतो.

कसबा बावडा एकेकाळी वेगळं गावच होतं. आम्ही शहरात येऊन पिढ्या झाल्या. अजून आमच्यात ऊस आहे, म्हशी आहेत, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतो. पंचगंगा चढली की पहिल्यांदा आमच्याच शिवारात पाणी येतं. मतदार यादीत शहर, सातबारा शेताचा आणि बोलणं तुम्ही बघताच आहात. म्हणजे हद्दीत गेलं की गावपण जातं, हे मला पटत नाही. पण घरपट्टीची पावती हातात आली की मीही पाच मिनिटं गावाकडचाच असतो.

---

पेठेतला_पैलवान (मंगळवार, रात्री १०:११)

कोल्हापूर शहर म्हणजेच एक मोठं खेडं हाय. गंगावेशीत म्हैस दारात उभी करून धार काढतात, पेला तोंडाला लावायचा. तुमी आमच्यात या नाहीतर आमी तुमच्यात येतो, फरक काय पडणार हाय?

---

हिशेबनीस (मंगळवार, रात्री ११:३०)

पैलवान, फरक पैशात पडतो.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. तेव्हापासून क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर ते ६६.८२ चौरस किलोमीटरच. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख. या काळात शहर वाढलं नाही का? वाढलं की! पण ते पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर असं बाहेर वाढलं. विमानतळ उजळाईवाडीला. कारखाने शिरोली आणि गोकुळ शिरगावला. म्हणजे काम, घर आणि गाडी हद्दीबाहेर. दवाखाना, कॉलेज, मंडई, केएमटीची बस आणि अंबाबाई हद्दीच्या आत.

केंद्राचा बराचसा निधी लोकसंख्येवर ठरतो. तिथं आपण कागदावर लहान दिसतो, रस्त्यावर संध्याकाळी सातला मोठे दिसतो. माझं मत साधं आहे. शहराचं सगळं वापरायचं आणि वर्गणीच्या वेळी दार लावून घ्यायचं, हे किती दिवस चालणार?

---

उसाचा_फड (बुधवार, सकाळी ६:२०)

हिशेबनीस, धार काढून आलोय, आता तुमच्याकडं वळतो.

शहराचं सगळं आम्ही वापरतो म्हणता. मग तुमच्या चहात सकाळी जे पडतं ते कुणाचं? मंडईत मेथीची पेंढी कुठनं येते? दूध आमचं, भाजी आमची, गवंडी आमचा, पोरं तुमच्या दुकानात कामाला आमची. आणि आम्ही फुकटे! दवाखान्यात आम्ही बिल भरतो, कॉलेजात फी भरतो, बसमध्ये तिकीट काढतो. वर्गणी कशाला म्हणतात मग?

खरी भीती घरपट्टीची नाहीच. भीती आरक्षणाची आहे. विकास आराखडा होतो, नकाशावर कुणीतरी रंग भरतो आणि तुमच्या वीस गुंठ्यांवर बाग येते. बाग कधी होत नाही, पण वीस गुंठे अडकतात. विकता येत नाही, बांधता येत नाही, पोरीच्या लग्नाला बँक कर्ज देत नाही. ऊस तेवढा लावता येतो. तो आजही लावतोय.

---

हिशेबनीस (बुधवार, सकाळी ८:५५)

आरक्षणाची भीती खोटी नाही, हे मान्य. पण आरक्षण नसलेल्या गावांचं काय झालं तेही बघा. प्रत्येकानं आपापले गुंठे पाडून विकले. रस्ता नऊ फुटी, गटार नाही, शाळेला मैदान नाही. शिवारात बागेचा रंग भरू दिला नाही म्हणून आज पोरं क्रिकेट स्मशानभूमीच्या मोकळ्या जागेत खेळतात. पाणंदवाल्यांच्या पाणंदीतून जे वाहतंय ते कुठल्या आराखड्यात होतं?

---

कॉलनीतली_वहिनी (बुधवार, सकाळी ११:१५)

मी पण अशाच एका गावात राहते, गावाचं नाव मीही नाही सांगत. आमची कॉलनी. आम्ही "बाहेरचे". सोळा वर्षं झाली, लेक इथंच जन्मली, आता दहावीला आहे, तरी बाहेरचे.

पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. परवा मी पाण्याला उठलो तर मोटर जळालेली. ग्रामपंचायतीत गेलो, तिथं म्हणाले कॉलनीच्या बिल्डरला विचारा. बिल्डर कधीच दुसऱ्या गावाला गेला. मग मी सदस्यांच्या घरी गेलो. त्यांची आई म्हणाली, "बाळ, तुमी मतदानाला आमच्या वॉर्डात न्हाईसा." झालं.

माझा प्रश्न फड दादांना. गाव आपलं ऐकतं म्हणता, ते "आपलं" कुणाचं? ग्रामसभेला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा सगळे उठून बघायला लागले, बाई आली म्हणून. दुसऱ्यांदा मी गटारीचं विचारलं तर भावकीतल्या दोघांचं बांधावरनं भांडण निघालं आणि सभा संपली. शहरात गेलो तर निदान कुणाकडं तक्रार करायची ते तरी कळेल.

---

पुण्यात_अडकलेला (बुधवार, सकाळी ११:४०)

अवांतर : वहिनी, तुम्ही "मी गेलो", "मी उठलो" लिहिलंय. आयडी नवऱ्यानं हॅक केला का?

---

कॉलनीतली_वहिनी (बुधवार, सकाळी ११:४८)

कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात ओ! माझी आई, आजी, सासू, सगळ्या "मी आलो, मी जेवलो". पहिल्या ओळीत "राहते" लिहिलंय ते शाळेतल्या बाईंसाठी. नंतर चिडलो आणि खरी भाषा आली.

---

पेठेतला_पैलवान (बुधवार, सकाळी ११:५०)

पुणेकर, गप बसा. ईषय हार्ड हाय.

---

चंदगडी_काजू (बुधवार, दुपारी १:१०)

तुमची भांडणं वाचून हेवा वाटला. आमच्याकडून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. आम्हाला बाजाराला बेळगाव जवळ. जिल्हा परिषदेत काम असलं तर पहाटेची गाडी धरायची, साहेब दौऱ्यावर असले तर डबा खाऊन परत यायचं. बारा तालुक्यांचा जिल्हा, पण चर्चा कायम करवीरचीच.

आमची एक ग्रामपंचायत म्हणजे चार-पाच वाड्या, मध्ये ओढे, काजू आणि अधूनमधून हत्ती. हत्तीनं केळी मोडली की आधी सरपंचाला फोन जातो, मग वनखात्याला. आमच्या लोकांना विचारा ग्रामपंचायत हवी का. वाडीवर रात्री फोन उचलणारं सरकार तेवढं एकच आहे. महापालिकेचं आम्हाला काय सांगता, आम्ही एसटीवर खूश आहोत.

---

निवृत्त_भाऊसाहेब (बुधवार, दुपारी ४:३०)

मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला "ग्रामपंचायत अधिकारी" म्हणतात, २०२४ ला नाव बदललं. मी निवृत्त झाल्यावर अधिकारी झालो, तेवढंच माझं प्रमोशन. काही गोष्टी स्वच्छ करतो, कारण चावडीवर आणि इथं सारखाच घोळ दिसतोय.

पहिलं. ग्रामसभेच्या ठरावानं हद्दवाढ अडत नाही. महापालिकेची हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग निर्णय. ठराव म्हणजे वजन, कुलूप नव्हे. पण वजन कमी समजू नका. इतक्या वर्षांत गावांनी बंद पाळून आणि मोर्चे काढून हे दार कसं लावून धरलंय ते आपण बघितलंय.

दुसरं. शहरात गेलं म्हणून शेत आपोआप बिगरशेती होत नाही. सातबारा राहतो, ऊस राहतो. ग्रामपंचायतीची इमारत, जागा, येणी-देणी मात्र महापालिकेकडे जातात. जिल्हा परिषदेची शाळाही. रोजगार हमी, ग्रामीण घरकुल या योजना गावाच्या म्हणून मिळतात, त्या थांबतात आणि शहरी योजनांच्या रांगेत उभं राहावं लागतं. गावातल्या गरिबाला घरपट्टीपेक्षा हे जास्त लागतं. पण मोर्चात पुढं गरीब नसतो म्हणून त्याची पाटी दिसत नाही.

तिसरं, घरपट्टी. ती एका रात्रीत शहराइतकी होत नाही. नव्यानं आलेल्या भागाला टप्प्याटप्प्यानं वाढवायची तरतूद कायद्यात आहे. शेवटी वाढते, हे खरं.

चौथं, वहिनींसाठी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणं वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाले पाहिजेत. हे विचारायचा हक्क कॉलनीतल्या मतदारालाही तितकाच आहे, भावकी असो नसो. माझ्या तीस वर्षांत हा हिशेब उभं राहून विचारणारी माणसं मी दोन हातांच्या बोटांवर मोजली. त्यांतला एक जण तर मलाच त्रास द्यायला विचारायचा. पण त्याच्यामुळं दलित वस्तीतला हायमास्ट दिवा वेळेत लागला, हे कबूल करतो.

महापालिकेत सामान्य माणसाला असं सभेत उभं राहून विचारता येत नाही. तिथं नगरसेवक विचारतो. आणि नगरसेवकच नसले तर? २०२० च्या नोव्हेंबरात कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक. जिल्हा परिषदेतही मार्च २०२२ पासून बरीच वर्षं तीच गत होती. त्याच काळात गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र झाल्या.

---

उसाचा_फड (बुधवार, सायंकाळी ५:०२)

भाऊसाहेब, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावतो.

---

हिशेबनीस (बुधवार, सायंकाळी ५:२०)

शेवटचाच लावा, दुसरा नको. त्यात गरिबाची पाटी आहे.

---

वळीवडे_स्टेशन (बुधवार, सायंकाळी ६:४५)

"गाव" म्हणजे गावठाण आणि भावकी, बाकी बाहेरचे, हे आमच्या बाजूला कधी चाललंच नाही.

वळीवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना सगळं इथं करवीरच्या माळावर. ते गेले आणि फाळणीनं उठलेले सिंधी लोक त्याच बराकीत आले. त्याचं झालं गांधीनगर. आज सांगली-बेळगावचे दुकानदार कापड घ्यायला तिथं येतात. आणि हे सगळं ग्रामपंचायतीच्या राज्यात! एवढी मोठी बाजारपेठ ग्रामपंचायतीत, आणि पलीकडं चांदीची हुपरी नगरपरिषदेत. कशाला काय म्हणायचं हे सरकारच्या कागदाला कळतं, आम्हाला फक्त पार्किंग मिळत नाही एवढं कळतं.

माझ्या आजोबांना पोलिश बायकांनी ब्रेड भाजायला शिकवला होता म्हणे. आजी म्हणायची, "भाकरी येत न्हवती ती न्हाईच." तर वहिनी, सोळा वर्षं म्हणजे काहीच नाही, थांबा अजून. किंवा थांबू नका, जाऊन बसा पहिल्या खुर्चीत.

---

संगमावरचा (बुधवार, रात्री ८:३०)

आमचं गाव प्रयाग चिखलीच्या अंगाला. जिथं नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, तिथं. हद्दवाढीवर माझं ठाम मत नाही, पण एक सांगतो.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. टीव्हीवर हा आकडा दिसतो तेव्हा आमच्याकडं ट्रॅक्टर निघालेले असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या रात्री गल्लीत कोण म्हातारं एकटं आहे, कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाकडं डिझेल आहे, ही यादी कुठल्या संगणकात नव्हती. ती ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या डोक्यात होती. तो माणूस छातीइतक्या पाण्यातनं दारोदार फिरला. एका आजीनं देव्हारा सोडून यायला नकार दिला, तेव्हा त्यानं आधी देव ट्रॉलीत ठेवले, मग आजी आपोआप आली. २०२१ ला परत तेच, माणूस तोच, फक्त आजी नव्हती.

शहरात असा माणूस नसतो असं मी म्हणत नाही. पूर शहरातही येतो, तिथल्या तालमीची पोरंही पाण्यात उतरतात. पण त्या शिपायाला उद्या महापालिकेत घेतलं आणि त्याची बदली दुसऱ्या टोकाला झाली, तर त्याच्या डोक्यातली यादी कुणाकडं द्यायची?

---

बावड्याचा_म्हातारा (बुधवार, रात्री ८:५५)

संगमावरचे, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. देव ट्रॉलीत ठेवले, हे भारी केलं त्यानं.

---

शिरोळची_सून (बुधवार, रात्री ९:२०)

ग्रामसभेत काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाच्या सभेतलं मुंबईपर्यंत गेलं.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. ठराव झाला म्हणून प्रत्येक घरात लगेच बदललं असं नाही. आमच्या गावातही नंतर तसाच ठराव झाला. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंच्या बांगड्या फोडायला चार बायका पुढं आल्याच. तेव्हा माझ्या नणंदेनं "ग्रामपंचायतीचा ठराव हाय" एवढंच म्हटलं. त्या थांबल्या. पटलं म्हणून नाही, सरकारी काहीतरी आहे म्हणून घाबरून. पण हात थांबले.

---

कॉलनीतली_वहिनी (बुधवार, रात्री ९:४१)

ताई... नणंदेला माझा नमस्कार सांगा.

---

पुण्यात_अडकलेला (बुधवार, रात्री १०:१५)

एक अज्ञानी प्रश्न. प्राधिकरण म्हणून काहीतरी झालं होतं ना? ते काय?

---

निवृत्त_भाऊसाहेब (बुधवार, रात्री १०:३५)

२०१७ ला कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, ४२ गावांसाठी. हद्दवाढ नको म्हणता ना, मग गावं गावातच राहू देत, नियोजन एकत्र करू, अशी ती मधली वाट. बांधकाम परवाने तिकडं गेले. दिवा, पाणी, कचरा ग्रामपंचायतीकडंच राहिलं. म्हणजे इमारत उभी राहायला परवानगी एकाची आणि तिच्या संडासाचं पाणी कुठं सोडायचं ही डोकेदुखी दुसऱ्याची.

---

पेठेतला_पैलवान (बुधवार, रात्री १०:४०)

लग्न एकानं लावायचं आणि नांदवायचं दुसऱ्यानं.

---

पाणंदवाला (बुधवार, रात्री ११:५५)

सगळ्यांचं वाचलं. धन्यवाद वगैरे नंतर. फड, तुम्ही "बाग कधी होत नाही" म्हणालात ते वडिलांना वाचून दाखवलं, ते खूश. वहिनींचं बायकोला दाखवलं, ती जास्त खूश. मी आहे तिथंच आहे. उद्या सकाळी दहाला सभा. जाऊन येतो.

---

उसाचा_फड (गुरुवार, सकाळी ६:०५)

हात वरच करा. पण पाणंदीचंही विचारा. दोन्ही होतं.

---

पाणंदवाला (गुरुवार, रात्री ९:१०)

वृत्तांत.

दहाची सभा. दहाला मी, शिपाई आणि सतरंजी. साडेदहाला सदस्य आले, अकराला सरपंचबाई आणि त्यांच्या मागं त्यांचे पती, जे प्रत्यक्षात पुढं असतात. कोरम लागतो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. (भाऊसाहेब, बरोबर ना?) माणसं मोजली तर एकोणसाठ. गावाची अस्मिता, आमची माती, रक्ताचं पाणी, हे सगळं आठवडाभर व्हॉट्सॲपवर. प्रत्यक्षात एकोणसाठ, त्यातले सहा दाखल्यासाठी आलेले.

मग सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच माणसं, तीच सतरंजी, पण आता तहकूब सभा म्हणून कोरमची गरज नाही. ठराव वाचला. सूचक, अनुमोदक, "सर्वांना मंजूर?", "मंजूर!" एवढ्यात झालं. हात वर करायची वेळच आली नाही, आवाजावरच झालं. तीन दिवस मी उगाच तळमळलो.

सगळे उठायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, विरोध मंजूर, पण मग पाणंदीतल्या सांडपाण्याचं काय? आपण शहरात जाणार नाही म्हणतो, तर ते पाणी आपलंच. कोण करणार, कधी करणार, किती पैसे? सरपंचांचे पती म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही." तेवढ्यात मागनं एक बाई उभ्या राहिल्या, आमच्या गावातल्या अपार्टमेंटमधल्या. म्हणाल्या, "ते पाणी आमच्या बिल्डिंगचं आहे. आमच्याकडं सेप्टिक टँक आहे, पण तो भरला की उपसायला कुणी येत नाही. आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, गाडी तुम्ही ठरवा." सभेत शांतता. गाव आणि अपार्टमेंट एकाच सतरंजीवर बसल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

आणि सरपंचबाईंनी, पतींकडं न बघता, शिपायाला सांगितलं, "लिवून घे. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय. आणि मैला उपसायच्या गाडीचा दर उद्या विचार." पती काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, "सही माझी असतीया."

---

कॉलनीतली_वहिनी (गुरुवार, रात्री ९:२२)

सही माझी असतीया!!! मी येतो तुमच्या गावात राहायला.

---

हिशेबनीस (गुरुवार, रात्री ९:४०)

एकोणसाठ माणसांत ठराव आणि त्याला "गावाचा एकमुखी विरोध" असं उद्या पेपरात येणार. माझं मत बदललं नाही. पण गाडीचा दर कळला तर इथं टाका, आमच्या सोसायटीलाही लागणार आहे. आणि हो, आमची सोसायटी हद्दीच्या आत आहे.

---

उसाचा_फड (गुरुवार, रात्री ९:४४)

हिशेबनीस, हद्दीच्या आत आणि सेप्टिक टँक? आता बोला.

---

हिशेबनीस (गुरुवार, रात्री ९:५१)

बोलतो, पण उद्या.

---

निवृत्त_भाऊसाहेब (गुरुवार, रात्री १०:०५)

कोरमचं बरोबर. तहकुबीचंही बरोबर. एक करा, पाणंदवाले. इतिवृत्तात तुमचा आणि त्या बाईंचा प्रश्न लिहिला आहे का ते सही करायच्या आधी जाऊन वाचा. मी लिहायचो तेव्हा असे प्रश्न कधीकधी "इतर किरकोळ विषयांवर चर्चा झाली" या ओळीत बसायचे. मला माहीत आहे, कारण ती ओळ माझीच.

---

पाणंदवाला (शुक्रवार, सकाळी १०:३०)

भाऊसाहेब, आत्ताच जाऊन आलो. "इतर किरकोळ विषय" असंच लिहिलं होतं. शिपायाकडून पेन घेऊन खाली लिहायला लावलं, माझ्यासमोर. गाडीचा दर अजून कळलेला नाही, फोन लागत नाही म्हणे. सोमवारी परत जातो.